शर्टाच्या खिशात मावेल एवढा

जुडीत

"हॅलो?"

"हॅलो… कोण बोलून राह्यलं?"

"तुमी कोण बोलून राह्यल्या?"

"अहो, फोन माहा हाये. मंग कोण बोलून राह्यलं थे तुमी सांगाचं."

"मी… आता कसं सांगू… मी मेथीच्या जुडीतून बोलून राह्यलो."

मी आबांचा, माझ्या वडिलांचा, बटणांचा फोन कानापासून दूर धरला. त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा कानाला लावला.

आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या भाजीबाजारातली हर्राशी, म्हणजे लिलाव, नुकतीच संपली होती. थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्दाच्या आधी वाफ निघत होती. माझा फोन सकाळपासून सापडत नव्हता. मळ्यात शोधला, ऑटोत शोधला, रिकाम्या पोत्यांत हात घालून शोधला. शेवटी आबांच्या फोनवरून रिंग दिली, तर हे!

काय झालं असेल ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. भाजी उपटताना आम्ही बाया अंगातल्या कपड्यांवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवतो. माझ्या अंगात दादाचा असतो आणि फोन त्याच्या खिशात. मी वाकले असेन, तो घसरून मेथीच्या ढिगात पडला असेल… आणि मीच त्याला मेथीसकट मुठीत धरलं, सुतळीनं आवळलं, जुडी बांधली आणि विकून मोकळी झाले.

"ऐकून राह्यल्या ना?" पलीकडून आवाज आला. "ओळख सांगा. असा कोणालेबी थोडी देईन."

"डाव्या कोपऱ्यात काच फुटेल हाये."

"हाये."

"तिच्यावर नेलपॉलिश लावेल हाये."

"कोणतं?"

"कोणतं म्हंजे? डाळिंबी."

"हां… डाळिंबीच हाये. मले वाटलं, तुमी लाल म्हणसान."

"लाल म्हटलं असतं तं दिला नसता?"

"दिला असता ना…" आवाज हसला. "पण थोडा वेळ लावून."

हातात

दुकान बसस्टँडसमोर होतं. मोबाइलचं. मेथी तिथं कशी पोचली, तर दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे त्याच्या मामींनी, बाजारातून आणायला सांगितली होती. त्यानं जुडी काउंटरवर ठेवली आणि ती वाजायला लागली.

त्याचं नाव धीरज. मेडशीचा. रोज एसटीनं येतो आणि मामाचं दुकान सांभाळतो. भुवया मधोमध जुळलेल्या. केसांत मेथीचं एक पान अडकलेलं, त्याला पत्ता नाही. माझा फोन त्यानं पुसून, माती काढून, तळहातावर घेतला होता… कोंबडीचं नुकतं निघालेलं पिल्लू घ्यावं तसा.

"हा फोन कंपनीनं कवाच बंद केला."

"मी नाई केला."

"बॅटरी फुगेल हाये याची. मी दुसरी पाहतो, पण जास्त दिवस नाई काढाचा हा. नवा घ्या आता."

त्यानं काचेवर चार-पाच फोन मांडले. चकचकीत. एकापेक्षा एक लांब. मी त्यातला एक उचलला.

"हा फोन हाये का पोळपाट?"

"आता सगळे असेच येतात, मॅडम."

"मॅडम म्हणू नका. मेथी विकतो आमी."

मी डाव्या हातात त्याचीच जुडी धरली, उजव्या हातात फोन. "पाहा. एका हाताले काम हाये. आता याच हाताचा अंगठा इथून तिथपर्यंत गेला पाह्यजे." माझा अंगठा स्क्रीनच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. खुंट्याला बांधलेली शेळी दोर संपला की थांबते, तसा. मग मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. निम्मा बाहेर! जराशी वाकले… त्यानं घाईनं दोन्ही हात पुढं केले आणि फोन झेलला.

दोन्ही हात माझ्या खिशाखाली ओंजळीसारखे. मी वाकलेली. आमची तोंडं एकमेकांच्या फार जवळ आली होती.

"तुमच्या केसात मेथी हाये," मी म्हणाले.

त्यानं पटकन हात मागं घेतले. पान मात्र काढलं नाही.

"लहान फोनले मागणीच नाई," तो फोन पुन्हा काचेवर लावत म्हणाला. "कोणी मागतच नाई."

"मंग मी काय करून राह्यली इथी?"

"तुमी… एकट्याच."

"एकटी म्हंजे मागणी नाई काय?"

तो प्रश्न त्यानं ठेवून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

घरात

मोठा फोन मीही घेतला होता एकदा. त्याचा दिवस असा जायचा: सकाळी आबांकडे कीर्तनाला, मग दादाकडे सोयाबीनचा भाव पाहायला, मग निता वहिनीकडे तिच्या मालिकेला, मग तिच्या लेकराकडे कार्टूनला, कारण त्याशिवाय ते जेवत नाही, मग शेजारच्या काकूंकडे, कारण त्यांच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ मोठा दिसतो, मग पुन्हा आबांकडे, मग, सगळ्यांचं झालं की, माझ्याकडे… गरम, बोटांच्या ठशांनी तेलकट, आणि चार्जिंग संपत आलेला.

कुणी वाईट नव्हतं. कुणी हिसकावून घेत नव्हतं. मोठी वस्तू घराची होते, एवढंच.

मग आत्येबहिणीनं तिचा जुना, लहान फोन मला दिला. घरातल्या प्रत्येकानं तो एकदा हातात घेतला. डोळे बारीक केले. आणि "याच्यात काई दिसतच नाई वं" म्हणून परत दिला.

परत दिला! त्या घरात मी पहिल्यांदाच अशी वस्तू पाहिली, जी माझ्याकडे परत येत होती.

त्या फोनवर मी माझी रोपं विकायला लागले. घराला लागून असलेल्या मळ्याच्या कोपऱ्यात हिरव्या जाळीखाली माझे ट्रे आहेत. वांगी, मिरची, फुलकोबी. मी फोटो टाकते, लोक फोन करतात. पार पोहरादेवीकडचे शेतकरी विचारतात, "रंजीताबाईच का? मिरचीची रोपं निघतीन का?" रंजीताबाई! घरात मला रंजी म्हणतात. त्या लहानशा फोनमध्ये मात्र मी बाई आहे.

फोनवर

धीरज: बॅटरी कशी हाये नवी?

मी: नवी कुठची? दुसऱ्या जुन्या फोनातली लावली तुमी.

धीरज: ओळखलं?

मी: दुपारीच जीव सोडते.

धीरज: जास्त बोलत नका जाऊ मंग.

मी: तुमीच तं बोलून राह्यले.

(लिहिलं: *बोलत राहा.* पुसलं.)

धीरज: कारंज्याले विचारलं, वाशीमले विचारलं. लहान फोन नाई कुठीच.

(लिहिलं: *माह्यासाठी एवढं?* पुसलं.)

मी: वांग्याले फुलं आली का कोणी मोठं झाड मागत नाई. वांगं मागते.

धीरज: समजलं नाई.

मी: मलेबी नाई. झोपा.

धीरज: सात वाजले फक्त.

धीरज: एक सांगू? त्या दिवशी तुमी शर्ट घालून दुकानात आल्या ना, तवा मले

…

आणि फोन बंद. रात्री चार्ज केला, तरी पुढचं काही आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हर्राशी आटोपून मी सरळ दुकानात.

"तवा मले काय?"

"आं?"

"मेसेज. 'तवा मले', आन् पुढं अंधार."

त्याचे कान लाल झाले. काच पुसायचं फडकं घेऊन तो स्वच्छ काच पुसायला लागला. "तवा मले… वाटलं का, खिसा लहान हाये."

"एवढंच?"

"एवढंच लिहाचं होतं."

"आन् न लिहिलेलं?"

आतून जगदेव मामांचा आवाज आला, "धीरज! गिऱ्हाईक हाये का गप्पा?"

"गिऱ्हाईक हाये, मामा!"

"काय घेऊन राह्यलं?"

धीरजनं फडकं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ पाहिलं की मीच काचेखालच्या कव्हरांकडे वळले.

"अजून ठरलं नाई, मामा…"

काउंटरवर

त्यानं दुकानाबाहेर एक पाटी लावली: *लहान फोन पाहिजे असेल तर आत येऊन सांगा.*

मामा म्हणाले, "जे दुकानात नाई त्याची पाटी लावते हा. शायना हाये का येडा?"

मग बाया यायला लागल्या. मी मेथीची टोपली ठेवून बाजूला बसायचे आणि ऐकायचे.

"पोलक्यात राह्यला पाह्यजे, बाप्पा. निंदाले बसलं का टपकन पडते."

"माह्या पर्समंदी टिफिन हाये, छत्री हाये, लेकराचं औषध हाये. फोनले जागा कुठून आणू?" ही अंगणवाडीवाली.

"जीन्सच्या खिशात मावला पाहिजे. पोरींच्या जीन्सला खिसा असतो कुठं? नुसता शिवून दाखवतात." ही कॉलेजवाली.

"माही मूठ पाह्य, भाऊ. एवढा दे." ही एक म्हातारी. मूठ बंद करून काचेवर ठेवली. सुपारीएवढी.

"बायाईचंच काहून?" एसटीचे एक ड्रायव्हर पाटी वाचून आत आले होते. "गाडीवर बसलो का मलेबी मांडीत रुतते."

धीरजनं अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

"लहान माल?" व्यापारी म्हणाला. "अरे, लहान कोणी मागत नाही. स्वस्तातला पाहिजे तर मोठाच घे, स्वस्तात मोठे आलेत."

धीरजनं फोन नुसता बायांसमोर धरला. मग काय! सगळ्या एकदम बोलल्या. पोलकं, मूठ, टिफिन, निंदण… म्हातारीनं तर व्यापाऱ्याला त्याच्या आईच्या हाताचं माप विचारलं.

"एवढ्या बाया कुठून आल्या, रे?" पलीकडचा गोंधळला.

"पहिलेपासूनच होत्या, शेठ," धीरज म्हणाला. "फोन घ्याले त्याइचे माणसं येत होते."

"पाहतो," व्यापारी म्हणाला.

बाया गेल्यावर मी टोपली डोक्यावर घेतली. तो पायरीपर्यंत आला.

"आता एकट्या नाई राह्यल्या तुमी," तो म्हणाला.

"बायाईमुळं?"

"हं… बायाईमुळंबी."

त्या 'बी'नं मला मेडशी रस्त्यापर्यंत एक पाऊल धड टाकू दिलं नाही.

बोट

आणि घरी पाहुणे बसले होते.

मुलगा रिसोडकडचा. विकास. स्वतःचं कृषी केंद्र, बोलायला चांगला, आबांच्या पाया पडला, मायच्याही पडला. सगळ्यांना पसंत. मला विचारलं, तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होते. "तुमी म्हणसान थे," असं तोंडातून निघून गेलं. कुणाचं नाव घेऊन नाही म्हणणार होते मी? 'तवा मले'च्या पुढं काही लिहिलेलंच नव्हतं.

आमच्याकडे आता साखरपुड्यात मुलगा मुलीला फोन देतो. साडीच्या ताटाशेजारी फोनचा डबा ठेवतात आणि सगळ्या नातेवाइकांचा त्याच्यासोबत फोटो निघतो. म्हणून साखरपुड्याआधी विकास, त्याची मावशी, निता वहिनी आणि मी फोन घ्यायला निघालो. मालेगावात. बसस्टँडसमोर.

मी पायरीवरच थांबले. धीरजनं मान वर केली. मला साडीत पाहिलं. मग विकासकडे, मग मावशींच्या हातातल्या कुंकवाच्या पुडीकडे. एकेक पाहत गेला आणि त्याचा चेहरा एकेक दिवा मालवत गेला.

"या… काय दाखवू, मॅडम?"

मॅडम. मी मान खाली घातली.

"सगळ्यात मोठा दाखव, भाऊ," विकास म्हणाला.

"डबाबी मोठा पाह्यजे," मावशी म्हणाल्या. "फोटोत दिसला पाह्यजे."

"लहान नाई का घेत?" मी विचारलं.

विकास हसला. हसणं चांगलं होतं त्याचं. "लहान देल्ला तं लोकं म्हणतीन, पोट्ट्यानं कंजुशी केली."

फोन निवडला गेला. माझ्या हातात देऊन वहिनीनं फोटो काढला. मी तो दोन्ही हातांनी धरला होता, पाटीसारखा.

"चालू करून दे, भाऊ," विकास म्हणाला. "बोटाचं लॉक लाव. तिचं बोट टाक… आन् माहंबी टाकून दे."

धीरजचे हात थांबले. "तुमचं… कायले?"

"कायले म्हंजे? सगळेच टाकतात. उद्या बायको होईन माही. लपवाचं काय हाये?"

त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. कीर्तन लागलं की आबा जसा हात पुढं करायचे, तसंच अगदी साधं.

धीरजनं फोन माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर एक गोल. *बोट ठेवा.*

"पहिलं बोट तुमचं लागते," तो हळूच म्हणाला. ठेवा म्हणाला नाही. नका ठेवू म्हणाला नाही. फोन तेवढा हलू न देता धरून राहिला.

मी बोट उचललं. नखात माती होती. सकाळी किती घासलं, तरी राहिलीच होती. त्या बोटानं मी ट्रेमध्ये बी टोचते…

मी बोट मिटून घेतलं.

"नाई."

"ओलं हाये का बोट?" मावशी म्हणाल्या. "पूस पदराले."

"कोरडं हाये, मावशी. मी ठेवत नाई."

"अवं, त्यात काय एवढं?" विकास अजून हसतच होता.

"काईच नाई. मंग तुमच्या फोनात माहं टाकाल?"

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा वरून दाबला. "माह्या फोनात धंद्याचं असते सगळं."

"माह्यातबी असते."

बाहेर कंडक्टर 'वाशीम, वाशीम' ओरडत होता. विकासनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी वहिनीकडे. वहिनी माझ्या दंडाला चिमटा काढत होती आणि मला तो लागत नव्हता.

डबा काउंटरवरच राहिला.

चुलीपाशी

"एका फोनपायी सोयरीक मोडली पोट्टीनं," असं लोक म्हणाले. आबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवायला बसले की मला ओलांडून मायला मीठ मागायचे. त्यातच माझा जुना फोन एका दुपारी बंद पडला तो उठलाच नाही. दुकानात जायची हिंमत नव्हती. तिकडूनही कुणी आलं नाही.

माय भाकरी थापत होती. मी बाजूला बसून मिरच्यांची देठं काढत होते.

"माह्या लग्नात माह्या मायनं मले पेटी देल्ली होती," ती अचानक म्हणाली. "पत्र्याची. कुलूपवाली."

"कुठी हाये?"

"हाये ना. माळ्यावर. किल्ली तुह्या आजीनं पहिल्याच दिवशी ठेवून घेतली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. कडेनं पाणी फिरवलं. "मी कवा मागितलीच नाई, वं."

ती एवढंच बोलली. पण त्या संध्याकाळी आबांनी मला ओलांडून मीठ मागितलं, तेव्हा तिनं मीठ दिलं नाही. "रंजीजवळ हाये," म्हणाली. "तिले मागा."

आबा अळणीच जेवले.

बांधावर

तूर निघाली होती. मी जाळीखाली मिरचीच्या ट्रेना पाणी देत होते. मोटारसायकल बांधाशी थांबली.

धीरज. हातात एक डबा. लहान.

"अकोल्यावरून पेटी आली," तो तिथूनच म्हणाला. "लहान मालाची. मामा म्हणते, आणखीन मागव."

"बाया आल्या?"

"म्हातारी पहिली. पण हा मी… पहिलेच काढून ठेवला होता." तो जाळीपाशी आला. "माह्यामुळं तुमची सोयरीक…"

"तुमच्यामुळं नाई. माह्या बोटामुळं."

मी हात शर्टाला पुसले आणि डबा उघडला. फोन निळा होता, साधा. मुठीत घेतला… बोटं पलीकडून येऊन तळहाताला भेटली. अंगठा फिरवला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. गेला! सरळ गेला. मला हसू आलं, आवरेना. तोही हसायला लागला.

"पैसे मी देईन. हप्त्यानं, पण मीच."

"मले माहीत होतं. म्हणून आधी बोललोच नाई."

मी फोन चालू केला.

वर नाव: *रंजीता.* मागं मिरचीच्या रोपांचा फोटो, माझ्याच जुन्या मेसेजमधला. नंबरांच्या यादीत सगळ्यात वर *धीरज*, आणि नावापुढं एक पिवळं फूल. लॉकही लावलेलं होतं. "नंबर माह्या वाढदिवसाचा हाये," तो कौतुकानं सांगत होता. "विसरणार नाई म्हणून…"

माझं हसू कुठं गेलं, मला कळलं नाही.

"काय झालं? नाई आवडला?"

"फोन आवडला."

"मंग?"

"मी याच्यात यायच्या आधीच… तुमी येऊन बसले."

तो तसाच उभा राहिला. मी वाट पाहत होते की, आता म्हणेल, त्यात काय एवढं? सगळेच करतात.

त्यानं हात पुढं केला. मी फोन दिला. तो बांधावर बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, आणि एकेक बटण दाबत गेला.

"काय करून राह्यले?"

"सगळं पुसतो."

स्क्रीन काळी झाली. मधोमध एक पांढरी रेघ सरकायला लागली, गोगलगायीसारखी. मीही बांधावर बसले. मध्ये हातभर जागा. पलीकडच्या हरभऱ्यात तुषार सिंचनाचा फवारा चक्-चक्-चक् करत फिरत होता. वारा इकडे वळला की दोन-चार थेंब आमच्यावर यायचे. कुणी पुसत नव्हतं. त्याच्या पापणीवर एक थेंब थांबला होता. मला तो बोटानं टिपावासा वाटला आणि मी बोट मातीत खुपसलं.

रेघ पूर्ण झाली. फोन पुन्हा उजळला. *भाषा निवडा.*

त्यानं तो न दाबता माझ्याकडे धरला.

"घ्या. आता याच्यात कोणीच नाई. मीबी नाई."

मी भाषा निवडली. त्यानंतर फोन आणखी काहीबाही विचारायला लागला. मी तो बंद केला आणि शर्टाच्या खिशात टाकला. पूर्ण आत गेला.

"आत्ताच नाई पाहत?" धीरजनं विचारलं.

"आत्ता नाई. तुमाले काई विचाराचं हाये का मले?"

"विचाराचं तं हाये…" तो रस्त्याकडे बघायला लागला. "मेसेज करू?"

"नाई. तोंडानं."

रस्त्यावरून एसटी गेली. तिचा आवाज जाईपर्यंत तो थांबला.

"रंजीता… माह्यासंग संसार करशीन? रोपं करते तशीच करत राह्य. फोन तुहा, तुह्याजवळ. मी फक्त…"

पहिल्यांदाच तू. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

"फक्त काय?"

"संध्याकाळी शटर ओढलं का मले वाट्टे, दिवसभराचं कोणाले तरी सांगावं. कोण आलं, कोण भांडलं, मामा काय म्हणला. रोज वाट्टे. थे कोणी… तू असावी."

"रोज सांगशीन?"

"रोज."

"मी नाई ऐकलं तं?"

"मंग रोपाईले सांगन. पण तुह्याजवळ बसून."

मी हसले. डोळे का भरले ते नाही सांगता येत. हातभर जागेत माझा हात मातीवर होता, त्यानं आपला शेजारी ठेवला. टेकवला नाही… शेजारी. उरलेलं अंतर मी संपवलं. त्याच्या नखात माती नव्हती. आता लागली.

"रंजे!"

विहिरीकडून आबांचा आवाज. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं नाव. धीरजनं हात ओढून घ्यायला पाहिलं.

"कोण हाये वं थे, तुह्याजवळ?"

माझ्या आयुष्यात जे जे माझं होतं, ते मी लपवलं होतं. गादीखाली, ट्रेमागं, शर्टाच्या खिशात. कुणाला दिसू नये एवढं लहान असेल तरच ते माझं राहतं, असं मला वाटायचं. सवयीनं तोंडात उत्तरं आलीही… दुकानातला माणूस. रोपांचं गिऱ्हाईक. रस्ता विचारून राह्यला.

मी त्याचा हात घट्ट धरला आणि उभी राहिले. तोही उठला, त्याला उठावंच लागलं. आणि मी ओरडले. हरभऱ्यापलीकडच्या बायांनी माना वर केल्या, एवढ्या जोरात.

"माहा हाये, आबा!"

हरभऱ्यातला फवारा एक पूर्ण फेरी फिरला. चक्-चक्-चक्. आबा विहिरीच्या काठाला हातात दोर धरून उभे होते. दोर हलत नव्हता. माय चुलीपासून उठून दारात आली होती.

मग आबांनी दोर खाली ठेवला.

"मंग उन्हात काहून उभा केला त्याले?"